हाताला परवाना कोण देतं?

नाशिकच्या सिडकोत राहणाऱ्या 36 वर्षांच्या एका वाचक मैत्रिणीचं पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील काढून तिचं म्हणणं थोडक्यात देते.

बारावी कॉमर्स झालं आणि लग्न झालं. सहा वर्षं पार्लरमध्ये काम केलं. तिथे डोक्याला, पाठीला मसाज करताना बायका म्हणायच्या, ‘तुझ्या हाताला गुण आहे.’ नवरा अंबडच्या कंपनीत, मुलगी आठवीत. आई पंचवटीत राहते आणि पंचवीस वर्षं बाळंतिणींना आणि बाळांना तेल लावून न्हाऊ घालायची कामं करते. एका घराचे दिवसाला 400 रुपये, सव्वा महिना. गंगापूर रोडला एक क्लास आहे. तो 95,000 रुपयांत चार महिन्यांचा ‘आंतरराष्ट्रीय परवानाधारक मसाज थेरपिस्ट’ असा डिप्लोमा देतो. हा परवाना भारतात आणि परदेशातही चालतो, शिवाय 2027 च्या कुंभमेळ्यात मसाजवाल्यांना तुफान मागणी येणार, असं तिथल्या मॅडम सांगतात. कॅनडातला चुलत दीरही म्हणतो, तिकडे या कामाला लायसन्स लागतं आणि पैसा चांगला मिळतो. हाताशी 60,000 आहेत, बाकीचे बचत गटातून उचलायचा विचार आहे. सासूबाईंचं म्हणणं, ‘आपल्या घरची सून परक्यांच्या अंगाला हात लावणार नाही.’ नवरा काहीच बोलत नाही. आई म्हणते, ‘हाताला कसला गं परवाना?’ आणि मुलीने, आजी काय करते असं शाळेत कुणी विचारल्यावर, ‘दवाखान्यात असते’ असं सांगितलं. पत्राचा शेवट असा आहे : ‘मला मालिशवालीची मुलगी म्हणून नाही, लायसन्स असलेली थेरपिस्ट म्हणून जगायचं आहे. फी भरू का?’

प्रिय मैत्रिणी,

फी भरू नका. हे आधीच सांगून टाकते, कारण पत्राच्या तारखेवरून दिसतंय की तुमचा पहिला हप्ता आठवड्यावर आला आहे. तुमची इच्छा मला चुकीची वाटत नाही. हे काम शिकण्यासारखं आहे आणि तुमच्याकडे त्याची तयारी दिसते. पण ज्या वस्तूसाठी तुम्ही 95,000 मोजायला निघालात, ती वस्तू त्या दुकानात नाही.

तुमचा सगळा बेत ‘परवाना’ या शब्दावर उभा आहे, म्हणून आधी तोच शब्द बघू. आपल्या देशात मसाज करणाऱ्याला सरकारकडून मिळणारा असा स्वतंत्र परवाना नाही. डॉक्टरांची परिषद असते, नर्सेसची असते. मी या शहरात तीस वर्षं फिजिओथेरपी केली. आमचीही राज्यात परिषद आहे आणि तिथे नाव नोंदवल्याशिवाय आम्हाला काम करता येत नाही. पण त्या नोंदणीच्या मागे साडेचार-पाच वर्षांची पदवी असते. वैद्य व्हायचं तर इंटर्नशिप धरून साडेपाच वर्षं. या पदव्या देणारं महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ 1998 पासून आपल्याच म्हसरूळला आहे, दिंडोरी रोडने जाताना तुम्ही ते पाहिलं असेल. मसाज थेरपिस्टची नोंदणी करणारी अशी परिषद मात्र नाशकात नाही, मुंबईत नाही आणि दिल्लीतही नाही. मग क्लास काय देतो? स्वतःचं प्रमाणपत्र. ते देण्यात गैर काही नाही. शिवणक्लासही देतो. गैर आहे ते त्याला परवाना म्हणण्यात.

खात्री करून घ्यायची असेल तर एक साधं काम करा. क्लासच्या मॅडमना म्हणा, ‘हा परवाना कोणत्या कायद्याखाली मिळतो आणि कोणतं कार्यालय देतं, एवढं तुमच्या लेटरहेडवर लिहून द्या.’ सही-शिक्क्यासकट लिहून दिलं तर तो कागद घेऊन माझ्याकडे या. माझा अंदाज आहे, चहा मिळेल, कागद मिळणार नाही.

आता दीर सांगतात ते. त्यांचं खोटं नाही. कॅनडात ओंटारिओ, ब्रिटिश कोलंबिया अशा काही प्रांतांत मसाज थेरपिस्ट हा कायद्याने बांधलेला व्यवसाय आहे. तिथली मान्य संस्था शिकवते, परीक्षा होते, नोंदणी होते आणि मगच ते नाव लावता येतं. अमेरिकेत हे राज्याराज्यावर आहे. टेक्सासला किमान 500 तासांचं शिक्षण लागतं, न्यूयॉर्कला 1,000 तासांचं, त्यावर परीक्षा. जपानात तर तीन वर्षं शिकून राष्ट्रीय परीक्षा द्यावी लागते. म्हणजे लायसन्स ही गोष्ट जगात आहेच. पण ते त्या-त्या ठिकाणचं सरकार किंवा तिथली परिषद देते, गंगापूर रोडवरचा क्लास ते देऊ शकत नाही. आणि तासांचा हिशेब तुम्हीच करून बघा. तुम्ही लिहिलंय रोज दोन तास, आठवड्याला पाच दिवस, चार महिने. सगळे दिवस भरले तरी 170 तासांच्या आसपास. 500 कुठे आणि 170 कुठे! शिवाय व्हिसा, कामाची परवानगी, इंग्रजीतली परीक्षा हे वेगळंच. खरोखर तिकडे जायचं ठरलं तर ज्या प्रांतात जायचं त्या प्रांताच्या परिषदेचे नियम दिरांकडून आधी मागवा. इथला डिप्लोमा घेऊन मग विचारायला गेलात तर उलटा प्रवास होईल.

कुंभमेळ्याचंही तसंच. सिंहस्थात रामकुंडावर आणि त्र्यंबकेश्वरला येणारा माणूस स्नानाला येतो, आखाड्याची मिरवणूक बघतो, जमलं तर एक रात्र राहतो. त्या गर्दीत रिक्षावाल्याचा, खानावळीचा, लॉजवाल्याचा धंदा नक्की होईल. चार महिने शिकलेल्या थेरपिस्टचा होईल की नाही, यावर बचत गटाचं कर्ज काढू नये. गटातल्या बायकांचे पैसे असतात ते, आणि हप्ता चुकला की तुम्हाला त्याच गल्लीतून रोज जायचं असतं.

तुमच्यासारख्या आणखी काही जणींना (आणि जणांना) उपयोगी पडेल म्हणून, मग खरं काय मिळू शकतं ते सांगते. कौशल्य शिक्षणाच्या सरकारी आराखड्यात ‘स्पा थेरपिस्ट’ हा अभ्यासक्रम आहे, ब्यूटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलचा. त्याचं प्रमाणपत्र म्हणजे परवाना नव्हे, पण त्यामागे ठरलेला अभ्यास असतो, क्लासबाहेरचा माणूस येऊन परीक्षा घेतो, आणि चांगल्या हॉटेलात, रिसॉर्टमध्ये ते विचारतात. तुमची पार्लरमधली सहा वर्षं वाया जाणार नाहीत. आधी केलेल्या कामाची दखल घेऊन परीक्षा देण्याची सोयही असते, त्याला आरपीएल म्हणतात. सातपूरच्या शासकीय आयटीआयमध्ये आणि जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात जाऊन सध्या कुठे काय चालू आहे ते विचारा. फोनवर नका विचारू, समोर जाऊन बसा. दुसरा रस्ता पंचकर्माचा. आयुर्वेद रुग्णालयांत आणि पंचकर्म केंद्रांत वैद्यांच्या हाताखाली स्नेहन (तेल लावणं), स्वेदन (शेक-वाफ देऊन घाम आणणं) करणारे सहायक लागतात, आणि स्त्री रुग्णांना स्त्रीच हवी असते. तिथे पगार सुरुवातीला बेताचा असेल, पण रोज वेगळं शरीर हाताखाली येतं आणि चुकलं तर डोक्यावर वैद्य असतो. शिकणाऱ्याला याहून चांगली जागा नाही.

कुठल्याही क्लासला जा, पण पैसे देण्याआधी दोन जुन्या विद्यार्थिनींना भेटा, क्लासने गाठ घालून दिलेल्या नव्हे, तुम्ही शोधलेल्या. त्यांना एवढंच विचारा : किती वेळा खऱ्या माणसावर हात चालवला? शरीररचना कोणी शिकवली? कुणाला मसाज करायचा नाही, हे किती दिवस शिकवलं?

हा शेवटचा प्रश्न मला सगळ्यांत महत्त्वाचा वाटतो. का, ते सांगते.

मी नवीन होते तेव्हा मालिशवाल्या बायांबद्दल माझं मत फार वाईट होतं. काही कळत नाही, नुसतं रगडतात, असं मी रुग्णांना सांगायची. एकदा जुन्या नाशकातली एक बाळंतीण आली, सिझेरियन होऊन बारा-तेरा दिवस झालेले. सोबत तिची आई, आणि मागे दाराशी तेलकट पिशवी घेतलेली एक वयस्क बाई. त्या बाई चौथी शिकलेल्या. त्या म्हणाल्या, ‘बाई, हिच्या डाव्या पायाला काल मी हात लावला, तो सोडून दिला. पोटरी कडक लागते, एकाच पायाला सूज आहे, ऊनऊन लागतो. घरचे म्हणतात रगडून दे, मोकळं होईल. मी नाही लावणार हात. तुम्ही बघा.’ मी बघितलं आणि तशीच तिला सोनोग्राफीला पाठवली. पायाच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी होती.

बाळंतपणानंतर, ऑपरेशननंतर, बरेच दिवस अंथरुणाला खिळल्यावर अशी गुठळी होण्याचा धोका वाढतो. ती पोटरी जोरात रगडली तर गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते, आणि मग जीव वाचवायला मिनिटं मिळतात. त्या बाईंनी तिचा जीव वाचवला, हात उचलून. त्या दिवसानंतर मी कुठल्याही मालिशवाल्या बाईबद्दल तसं बोलले नाही, आणि तोवर बोलले त्याचं वाईट वाटतं. त्या बाईंकडे कसला कागद होता? आणि पंचवीस वर्षं हे काम करणाऱ्या तुमच्या आईकडे काय-काय असेल?

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. त्यात क्लासबद्दल दोन पानं आहेत, आईबद्दल चार ओळी. त्या चारही ओळींत ती मागे टाकायची गोष्ट आहे. तुम्ही परवाना म्हणता, पण मला वाटतं तुम्हाला हवी आहे इज्जत, आणि ती तुम्ही कागदावर शोधता आहात. यात तुमची चूक नाही. बाळंतीण ज्या हातांनी उभी राहते त्या बाईला मागच्या दाराने यायला सांगणारी, चहा वेगळ्या कपात देणारी घरं मी पाहिली आहेत. तुमच्या लेकीने ‘दवाखान्यात असते’ म्हटलं ते याच घरांमुळे. पण थेरपिस्ट म्हटल्याने ती घरं बदलतील, असं मला वाटत नाही.

क्लासच्या माहितीपत्रकात ‘स्वीडिश मसाज’ असेल. त्यातले एफ्ल्युराज, पेट्रिसाज, फ्रिक्शन, टॅपोटमेंट हे शब्द तुम्हाला पाठ करायला लावतील. नाव स्वीडनचं, शब्द बरेचसे फ्रेंच, आणि ते रूढ करण्याचं श्रेय दिलं जातं एकोणिसाव्या शतकातल्या मेझगर नावाच्या डच डॉक्टरला. जरूर शिका. शिकताना एवढं लक्षात येईल की पहिला म्हणजे तुमची आई ‘हात फिरवते’ तो, दुसरा म्हणजे ती ‘मळते’, तिसरा ‘रगडते’, चौथा ‘थापट्या’. शब्दांसाठी 95,000 फार होतात.

पण आईकडे आहे ते सगळंच्या सगळं घ्या, असंही मी म्हणणार नाही. इथे तुमचं शिक्षण आणि नवं ज्ञान कामाला येतं. बाळाच्या कानात आणि नाकात तेल घालणं बंद व्हायला हवं. कानाला जंतुसंसर्ग होतो आणि नाकातलं तेल फुप्फुसात उतरू शकतं. जन्मलेल्या बाळाची छाती कधीकधी आईच्या हार्मोन्समुळे फुगलेली असते, ती पिळून ‘दूध काढण्याची’ पद्धत अजून आहे. त्याने तिथे पू होतो. काहीही न करता ती काही आठवड्यांत आपोआप उतरते. बाळाला पायाला धरून उलटं झुलवणं, नाक ओढून सरळ करणं, डाळीच्या पिठाने घासून लव काढणं, हे सगळं सोडायचं. धुरीचा वास मलाही आवडतो, ओवा आणि बाळंतशेपा म्हटलं की माझं माहेर डोळ्यापुढे येतं. पण बंद खोलीतला धूर कोवळ्या फुप्फुसांना सोसत नाही, तो खोलीबाहेर ठेवायचा. कमी दिवसांच्या, कमी वजनाच्या बाळाला बालरोगतज्ज्ञ हो म्हणेपर्यंत तेल लावायचं नाही. सिझेरियन झालेलीच्या पोटाला टाके भरून डॉक्टरांनी सांगेपर्यंत हात लावायचा नाही. आई यावर रागावेल. तिला एकदम सगळं सांगू नका, एकेक सांगा, आणि आधी कानातल्या तेलाचं सांगा.

मोठ्या माणसांच्या बाबतीतही हात कुठे थांबवायचा ते शिकायचं असतं. ताप असेल, त्वचेवर गजकर्ण किंवा जखम असेल, नुकतं हाड मोडलेलं असेल, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील, कॅन्सरचे उपचार चालू असतील, रक्तदाब आटोक्यात नसेल तर आधी त्यांच्या डॉक्टरांचा शब्द. मधुमेहाने ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांना तेल किती गरम आहे ते कळत नाही. मी शेकाच्या पिशवीने भाजलेले पाय पाहिले आहेत, आणि त्या माणसाला संध्याकाळी फोड दिसेपर्यंत पत्ता नव्हता. तेल नेहमी आपल्या मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं. आयुर्वेदानेही अजीर्ण असताना अभ्यंग वर्ज्य सांगितला आहे. आणि कंबर दुखते म्हणून कुणी आलं तर ‘मणका सरकलाय, बसवून देते’ असं कधीही म्हणायचं नाही. निदान करणं तुमचं काम नाही. ‘हे माझ्या हातातलं नाही, डॉक्टरांना दाखवा’ हे वाक्य जिच्या तोंडून सहज येतं, तिच्याकडे मी माझ्या आईला पाठवीन.

एक तुमच्या स्वतःच्या शरीराबद्दल. तुम्ही 36 च्या आहात, हे काम निदान वीस वर्षं करायचं आहे. या व्यवसायात सगळ्यांत आधी जातो तो अंगठा, मग मनगट, मग कंबर. जोर अंगठ्यातून काढू नका. अंगाचं वजन पुढे टाका, तळहात, मूठ, कोपरापासूनचा हात वापरा. टेबलावर काम असेल तर उभं राहून हात सैल सोडल्यावर मूठ टेबलाला टेकेल एवढीच उंची हवी. बाळंतिणीचं काम जमिनीवर, पाटावर बसून असतं, तिथे गुडघे जातात. आईला विचारा तिचे कसे आहेत. तिला लोखंडी बादली उचलू देऊ नका आता.

सासूबाईंच्या वाक्याने तुम्ही दुखावलात. मलाही ते वाचून बरं वाटलं नाही. पण त्यांच्या भीतीला आधार नाही असं म्हणता येत नाही. ‘स्पाच्या नावाखाली’ असे मथळे त्याही वाचतात, छापे पडलेले बघतात, आणि त्यात ज्यांचे फोटो येतात त्या पोरी कुणाच्या तरी सुनाच असतात. नर्स परक्यांना हात लावत नाही का, डॉक्टर लावत नाहीत का, असा वाद घालून तुम्ही जिंकाल आणि घर गप्प होईल. त्यापेक्षा त्या ‘परक्यां’ना चेहरा द्या. कोण, कुठे, किती वाजता : फक्त बाळंतिणी आणि बाळं, सिडको ते इंदिरानगर, सकाळी आठ ते बारा, घरात कुणी बाईमाणूस हजर असेल तरच. एवढं नेमकं सांगितलं की बोलता येतं. नवऱ्यालाही गप्प बसायला जागा राहत नाही. त्याला थेट विचारा, ‘तुम्हाला नक्की कशाची काळजी वाटते?’ आणि त्याचं उत्तर येईपर्यंत तुम्ही बोलू नका.

पुढे कधी स्पामध्ये काम घेतलंत तर काही गोष्टी नोकरीच्या पहिल्याच दिवशी बघा. खोलीला आतून कडी लावायला लावतात का? स्त्रीला स्त्रीच थेरपिस्ट असा नियम आहे का? पगार ठरलेला आहे की सगळं टिपवर सोडलंय? अंगावर चादर कशी टाकायची, कुठला भाग कधी उघडायचा, याची शिस्त आहे का? मालक ‘कस्टमरला खूश ठेवा’ असं सूचक बोलला तर पगार बुडाला तरी चालेल, त्याच दिवशी बाहेर पडा. आणि दहापेक्षा कमी माणसं कामाला असली म्हणून दाद मागायला जागा नाही असं समजू नका. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याने अशा ठिकाणच्या स्त्रियांसाठी जिल्ह्याला स्थानिक समिती असते. तक्रार तिथे करता येते.

मध्येच एक सांगायचं राहिलं. नाशिकरोडच्या एका तरुणानेही असंच विचारलं होतं, त्याला आणि त्याच्यासारख्यांना. तालमीत पैलवानांना मालिश करून ज्यांचा हात तयार झालाय, त्यांना आज या शहरात खेळाडूंचं काम आहे. ज्या जिल्ह्याने कविता राऊतसारखी धावपटू दिली, जिथे पहाटे रस्त्यावर सायकलवाल्यांचे जथे दिसतात, तिथे दमलेल्या पायांना तोटा नाही. पण त्यांनी हे काम एखाद्या फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात वर्षभर बसून शिकावं. दमलेला स्नायू आणि फाटलेला स्नायू वरून सारखेच दुखतात. पैलवानाला चालतो तो जोर फाटलेल्या स्नायूवर टाकला तर खेळाडूचं वर्ष जातं.

आता तुमच्या पैशांचं. 60,000 आहेत तिथेच राहू द्या, गटाचं कर्ज नको. आईबरोबर सहा महिने काम करा. दिवसाला 400 धरले तर सव्वा महिन्याचे एका घरामागे 15,000 होतात. सकाळची दोन घरं झाली तर 30,000. कामं सलग मिळत नाहीत, मधे रिकामे महिने जातात, हे आईला विचारून धरा. तरी सहा महिन्यांत तुमच्या हाताखालून निदान सहा-सात बाळंतिणी जातील, पैसे देऊन नाही, पैसे घेऊन. सोबत एक वही ठेवा : घरात शिरल्यावर काय विचारलं, कुठल्या डॉक्टरांकडे बाळंतपण झालं, नॉर्मल की सिझेरियन, तेल कोणतं, बाळाचं वजन, अंगावर पुरळ आहे का, आज काय केलं. आई हे सगळं डोक्यात ठेवते. तुम्ही लिहिलंत की तेच तुमचं पहिलं कागदपत्र. जवळच्या प्रसूतिगृहातल्या सिस्टरना ती वही दाखवा, त्यांचं ऐका. पुढची कामं बहुतेक त्यांच्याकडूनच येतील. सहा महिन्यांनी वाटलं, नाही, मला स्पामध्येच जायचं आहे, किंवा पंचकर्मात, तर मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाला तेव्हा पैसे भरा. तेव्हा वर्गात कोण काय शिकवतंय ते तुम्हाला पारखता येईल. स्वतःचं काही सुरू केलंत तर उद्यम नोंदणी करा, ती फुकट होते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका. आणि तुमच्या नावाच्या पाटीवर ‘परवानाधारक’ लिहू नका. ‘बाळ-बाळंतीण मालिश आणि निगा’ एवढं पुरे आहे.

आई तुम्हाला बरोबर घ्यायला तयार होईल का, असंही तुमच्या मनात येईल. तुम्ही हे काम करू नये म्हणूनच तिने तुम्हाला बारावीपर्यंत शिकवलं असेल. तसं असेल तर ती रडेल किंवा चिडेल, पहिल्याच दिवशी हो म्हणणार नाही. तिला क्लासचं माहितीपत्रक वाचून दाखवा, त्यातले चारही परदेशी शब्द आणि ते म्हणजे तिचं काय-काय, ते सांगा. मुलीला जवळ बसवा तेव्हा. आणि आईला एक विचारा : आजवर किती घरी तू हात लावायला नाही म्हणालीस, आणि का? ती सांगेल ते वहीच्या पहिल्या पानावर लिहा. मलाही कळवा, मला त्या बाईंची फार आठवण येते.

तुमची,
सदरलेखिका